बातमीच्या आधी हललेलं पाऊल

१

बुधवारच्या पेपरात टेलर्वोमावशीचं नाव एकदाही आलं नव्हतं. तरी दुपारपर्यंत आख्ख्या तुर्कू शहराने ठरवून टाकलं, की हे तिनेच केलं.

पहिल्या पानावर छापलं होतं: आमच्या गावचं बिझनेस स्कूल हेलसिंकीच्या एका मोठ्या विद्यापीठात विलीन होणार, संचालक मंडळाचा निर्णय झाला. ही बैठक सोमवारी बंद दाराआड झाली होती, आणि आतलं काहीही बाहेर काढायचं नाही असं प्रत्येकाने कबूल केलं होतं. म्हणजे आतल्याच कुणीतरी तोंड उघडलं.

मावशी त्या स्कूलची डीन. विलीनीकरणाला तिचा विरोध आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. मग काय, मंडळाचे अध्यक्ष राग्नार स्टोल्पे यांनी सुतावरून स्वर्ग गाठला! गुरुवारी सकाळी तिला बोलावलं, खुर्चीवर बससुद्धा म्हटलं नाही, आणि सांगितलं की शनिवारच्या सोहळ्यात पदव्या तिच्या हातून दिल्या जाणार नाहीत.

हा सोहळा काही दरवर्षी होत नाही. मास्टर झालेल्यांच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढतो, पीएचडी करून डॉक्टर झालेल्यांना उंच काळी हॅट आणि तलवार मिळते. पदवीदाता होणं म्हणजे प्राध्यापकाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान. आणि मुकुटांची सगळी जबाबदारी एका मुलीवर असते. ती पदवीदात्याच्या हातात हात घालून मिरवते, संध्याकाळच्या बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, पहिला नाच त्याच्याबरोबर नाचते. यंदाची मुकुटकरीण मी. हिल्ला, वय सतरा, लुकिओच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्युनिअर कॉलेजच्या, दुसऱ्या वर्षात. मला निवडलं तेव्हा मी घरभर इतकी उड्या मारत फिरले होते, की खालच्या मजल्यावरच्यांनी झाडूने छत ठोकलं.

मावशीच्या जागी आता उपडीन मौनोकाका पदवीदाता होणार होता. एवढ्यावरही स्टोल्पेंचं पोट भरलं नाही.

"शुक्रवारी संध्याकाळी तलवारींना धार लावायला सगळे जमतील," ते मावशीला म्हणाले. "त्याआधी तुझा राजीनामा माझ्या हातात हवा. नाहीतर शनिवारी सगळ्यांसमोर मी तुला काढल्याचं जाहीर करीन."

२

"तू काही बोलली का नाहीस?" मी मावशीच्या स्वयंपाकघरात अक्षरशः पाय आपटत होते. "मी असते तर त्यांच्या टकलावर कॉफी ओतली असती!"

"म्हणून तू डीन नाहीस," मावशी म्हणाली, आणि तिने माझ्याच कपात कॉफी ओतली.

तिचा हा थंडपणा मला सहन होत नव्हता. ही बाई केमी गावच्या कागद गिरणीतल्या कामगाराची मुलगी. दिवसा बँकेत नोकरी करून रात्री शिकली. तिचा प्रबंध शेअरबाजारावर होता. कंपनी मोठी बातमी जाहीर करते त्याच्या आधीच तिचा भाव हळूच हलायला लागतो, हे तिने दाखवलं. म्हणजे कुणालातरी बातमी आधीच कळलेली असते. बाजारातले मोठे लोक हसले होते. ही कोण गिरणीतली पोर, आम्हाला शिकवतेय? आज त्यांचीच मुलं तिच्या वर्गात बसून ते शिकतात. आणि अशा बाईवर आरोप काय, तर म्हणे हिनेच आतली बातमी बाहेर फोडली! आयुष्यभर जिने चोरवाटा दाखवून दिल्या तिलाच चोर म्हणायचं? मला संतापाने रडूच आलं.

"तू केलं नाहीस ना? मग सांग ना त्यांना!"

"काय सांगू? बैठकीत काय झालं ते सांगितल्याशिवाय मला स्वतःचा बचाव करता येत नाही. आणि ते सांगणार नाही असा मी शब्द दिलाय."

"शब्द दिलाय म्हणून नोकरी घालवणार?"

"शब्द दिलाय म्हणून," ती म्हणाली. "हिल्ला, तुला एक कोडं घालते. बातमी अर्धीच छापून आली, तर ती दोन प्रकारच्या माणसांकडून येऊ शकते. एक, ज्याला अर्धीच ठाऊक आहे. दुसरा, ज्याला पूर्ण ठाऊक आहे पण अर्धी दाबून ठेवायची आहे. मी दुसरी नाही, हे मी कसं सिद्ध करणार?"

"पेपरातली बातमी अर्धी आहे?"

"मी कोडं घातलंय," मावशी म्हणाली. "उत्तर नाही दिलेलं."

घड्याळाकडे बघून तिने मला हाकललं. "पळ, नाचाची तालीम आहे तुझी. आणि मौनोशी नीट वाग, त्याचा काय दोष?"

३

पोलोनेझ हा नाच सोपा असतो. आमच्याकडे लुकिओच्या दुसऱ्या वर्षी सगळ्यांना जुने नाच शिकवतात, फेब्रुवारीत लांब झगे घालून आम्ही ते आईबापांसमोर नाचतो. जोडीजोडीने सभागृहाच्या टोकापर्यंत चालत जायचं, आणि तिथे पहिली जोडी उजवीकडे वळते. माझी आई उजवीकडे वळली होती, आजीही. देशातल्या कुणालाही झोपेतून उठवून पोलोनेझ लावा, पाय उजवीकडेच जाणार.

पण यंदा उजवीकडे ज्येष्ठ डॉक्टरांच्या चाकाच्या खुर्च्या ठेवायच्या होत्या. म्हणून आमच्या नाचशिक्षिका एल्वीबाईंनी पहिल्या जोडीला डावीकडे वळवलं होतं. हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं, कारण पहिल्या जोडीची तालीम एल्वीबाईंच्या घरी व्हायची, बाकीच्या जोड्यांची जिमखान्यात. मावशी पुरुषाच्या जागी, मी बाईच्या. आणि मावशी प्रत्येक वेळी उजवीकडे! शेअरबाजार पालथा घालणारी बाई, पण वळण आलं की तिचा पाय माझ्या पायावर.

"डावीकडे, टेलर्वो, डावीकडे!" एल्वीबाई ओरडायच्या.

"मेंदू डावीकडेच जातोय हो," मावशी म्हणायची, "पायच उजव्या पक्षाचे आहेत."

गुरुवारी पहिल्यांदाच सगळ्या जोड्या स्कूलच्या मोठ्या सभागृहात जमल्या. मौनोकाका धापा टाकत आला.

"पोरी, मला तासाभरापूर्वी सांगितलंय," तो म्हणाला. "माझे तर हातपाय गळालेत. सांभाळून घे हं."

"काळजी करू नकोस काका," मी म्हटलं, कारण मावशीने नीट वाग सांगितलं होतं.

एल्वीबाई माझ्याजवळ येऊन झगा सारखा करत पुटपुटल्या, "बिचारी टेलर्वो! शेवटी गुडघ्याने दगा दिलाच."

मला वाटलं, वय झालंय त्यांचं, काहीतरी मनाचं बोलताहेत. त्यांना काही विचारणार तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली. आम्ही चाललो, वळलो, परत आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात फक्त मावशी होती, त्यामुळे मला कशाचंच काही वाटलं नाही.

घरी जाताना मी नदी ओलांडायला छोट्या फेरीबोटीत चढले. नेहमीच्या सवयीने बाकावर बसून बूट काढला आणि अंगठा चोळायला लागले.

आणि थांबले. माझा अंगठा दुखतच नव्हता.

४

ज्या माणसाला तासाभरापूर्वी कळलं, तो डावीकडे कसा वळला?

रात्रभर हे एकच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. एल्वीबाईंनी त्याला काही सांगितलं नव्हतं, मी तिथेच होते. मी तर रागाच्या भरात त्याला सांगायला विसरूनच गेले होते. तरी मी स्वतःला दटावलं. मावशी म्हणते, एकदा हललेला भाव योगायोग असू शकतो. आधी माणसांशी बोल.

शुक्रवारी दुपारी मुकुट बांधायला सगळे जमतात. लांब टेबलावर लॉरेलच्या पानांचे ढीग, सगळ्या खोलीत आमटीत पडलेल्या तमालपत्रासारखा वास, आणि प्रत्येक जण दाभणाने पानावर पान टाचतोय. मी मुकुटकरीण, म्हणजे वाटेल त्याच्याजवळ जाऊन बसायची मला मुभा! मी आधी इंकेरीला गाठलं. ती मंडळाची चिटणीस, सोहळ्याचीही व्यवस्था तिच्याकडे, आणि ताणाखाली असली की सारखी खाते.

"सोमवारी बैठकीत कोण कोण होतं गं?"

"हिल्ला, मला बोलता येत नाही."

"काय झालं ते नाही विचारत. खायला काय होतं ते तरी सांग!"

ती हसली. "दालचिनीचे बन. राग्नार, मी, तुझी मावशी आणि मौनो. मौनोच्या वाटणीचा पण मीच खाल्ला. बिचारा दाढ धरून बसला होता, कॉफी येण्याआधीच दाताच्या डॉक्टरकडे गेला."

"आणि कॉफीनंतर?"

इंकेरीचा चेहरा एकदम कुलूप लावल्यासारखा झाला. "कॉफीनंतरचं तर अजिबातच नाही," ती म्हणाली, आणि दाभण बोटात टोचून घेतलं.

मग राग्नार स्टोल्पे आले. जहाजांचा धंदा, चालणंही जहाज गोदीला लागत असल्यासारखं.

"तुमचा मुकुट वाकडा झालाय," मी म्हटलं.

"तुझी मावशी सरळ वागली असती तर मी इथे मुकुट शिवत नसतो, मासे पकडत असतो."

"तिनेच सांगितलं हे कशावरून?"

"कशावरून? पेपरात जेवढं आलंय तेवढंच आल्यावर आरडाओरडा होणार, हे तिच्याच फायद्याचं! सोयीचं तेवढं सांगितलं, उरलेलं गिळलं."

"उरलेलं म्हणजे?"

त्यांचे कान लाल झाले. "काही नाही. पानं टाच."

म्हणजे बातमी खरंच अर्धी होती! उरलेली अर्धी कॉफीनंतरची. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटलं, पण अजून एक जण उरला होता. मौनोकाका कोपऱ्यात बसून साल्मियाक्कीची काळी खारट गोळी चघळत होता. चघळत कसला, कडाकडा फोडत होता.

"दाढ बरी झाली वाटतं?"

"हो, हो. काढून टाकली."

"काका, विलीनीकरण होणारच का रे? काहीच आशा नाही?"

"होणारच काय, झालंच म्हण." त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सोमवारी हात वर झाले, विषय संपला. तुझ्या मावशीला ते पचलं नाही, आणि ती चुकली. मोठी माणसंही चुकतात, पोरी."

त्यानंतर मी त्याला काका म्हटलं नाही.

५

संध्याकाळी शेवटची तालीम होती. खिडकीच्या कट्ट्यावर नव्या डॉक्टरांच्या तलवारी रांगेने ठेवल्या होत्या, बाहेर अंगणात धारेचं चाक मांडलं होतं. धार लावताना चाकावर पाण्याऐवजी शॅम्पेन ओततात, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच.

मी सभागृहाच्या मधोमध उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला.

"एक गंमत करू या! धार लावण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाने माझ्याबरोबर पहिली जोडी व्हायचं. मुकुटकरणीचा हुकूम!"

मुकुटकरणीला नाही म्हणायची पद्धत नाही. राग्नार स्टोल्पे कुरकुरत आले, जहाजासारखे चालले, आणि टोकाला उजवीकडे वळले. सरळ माझ्या पायावर! सभागृह हसलं. इंकेरी आली. सोहळ्याचं सगळं जिला तोंडपाठ, तीही उजवीकडेच.

"एल्वीबाई," मी ओरडून विचारलं, "पहिल्या खेपेला कुणी डावीकडे वळतं का हो?"

"छे! शाळेपासूनची सवय आहे. तुझी मावशी तर आठवडेच्या आठवडे चुकत होती."

"मग मौनो काल पहिल्याच खेपेला कसा नाही चुकला?"

"तो कशाला चुकेल?" एल्वीबाई कौतुकाने म्हणाल्या. "एप्रिलपासून येतोय माझ्याकडे. टेलर्वोचा गुडघा कामातून गेलाय, ती कबूल करणार नाही, ऐनवेळी फजिती नको, म्हणून गुपचूप शिकायचं म्हणाला. किती मनाचा मोठेपणा!"

सगळे मौनोकडे बघायला लागले. त्याच्या तोंडातली साल्मियाक्की थांबली.

तेवढ्यात दार उघडलं. मावशी आली होती, हातात लिफाफा. तिला उशीर झाला होता, म्हणून ती बाहेरच्या पायऱ्या दोन-दोन एकदम चढत, जवळजवळ पळतच आत आली. सगळ्यांच्या नजरा तिच्या चेहऱ्याकडे नाही, गुडघ्यांकडे.

"काय झालं?" ती म्हणाली. "मोजा फाटलाय का माझा?"

"गुडघा कसा आहे गं?" एल्वीबाईंनी विचारलं.

"कुठला गुडघा? मार्चमध्ये स्की करत अर्धं लॅपलँड पालथं घातलंय मी!"

मौनो हसला. बऱ्यापैकी हसला, हे मान्य करायला हवं. "ठीक आहे, मला एक दिवस पदवीदाता व्हायची हौस होती. मी नाच शिकलो. नाच शिकणं गुन्हा आहे?"

"नाही," मी म्हटलं. "पण एप्रिलमध्ये मावशीला कुणी हात लावू शकत नव्हतं. ती जाणार हे तेव्हा फक्त तिला घालवणाऱ्यालाच ठाऊक असणार. बातमीच्या आधी भाव हलला, मौनो. हे तू तिच्याच पुस्तकातून पोरांना शिकवतोस!"

"हा पोरकटपणा आहे! राग्नार, पेपरवाल्यांशी मी बोललो याचा काही पुरावा आहे का?"

मी राग्नार स्टोल्पेंच्या कानाशी गेले. "त्याला विचारा, सोमवारी कॉफीनंतर काय ठरलं. उत्तर सांगू नका. नुसतं विचारा."

स्टोल्पेंनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "मौनो, कॉफीनंतर काय ठरलं?"

"काय ठरायचंय? हात तर आधीच वर झाले होते. निर्णय..." तो इंकेरीकडे बघून थबकला. तिने डोळे मिटून घेतले होते. "म्हणजे, मी नव्हतोच ना तेव्हा. दाढ दुखत होती."

"सोमवारी?" एल्वीबाई गोंधळून म्हणाल्या. "सोमवारी तर माझ्याकडे होतास! चांगले दोन बन खाल्लेस की."

बाहेर अंगणात कुणीतरी शॅम्पेनचं बूच उडवलं, ते बंदुकीसारखं वाजलं.

स्टोल्पे खुर्ची ओढून बसले. "कॉफीनंतर हिने सगळं पुन्हा चर्चेला घ्यायला लावलं," ते ओशाळून मावशीकडे बोट करत म्हणाले. "हात वर झालेला निर्णय आम्ही रद्द केला. शरद ऋतूपर्यंत पुढे ढकलला. पेपरात ते आलंच नाही. मला वाटलं, हिने मुद्दाम दाबलं. पण ज्याला ठाऊकच नव्हतं, असा एकच होता."

"आणि तुम्ही तिला बसा म्हणालासुद्धा नाहीत!" मी किंचाळले. मला आवरलंच नाही. "तिने शब्द पाळला म्हणून ती गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं हाच तुम्ही पुरावा मानलात! गिरणीतली पोर होती तेव्हाही हेच, आणि आता डीन झाली तरी हेच! तिला दरवेळी नव्याने का सिद्ध करावं लागतं हो? याला मात्र दाढ दुखते म्हटलं की सगळ्यांना पटतं!"

कुणी मला गप्प बस म्हटलं नाही.

"टेलर्वो," स्टोल्पे उठून उभे राहिले. "मी चुकलो. बस. बस ना, प्लीज." आणि त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

मावशी बसली नाही. मौनो तिच्यासमोर आला होता. "तू कायम पहिली," तो म्हणाला. "आपण एकाच वर्षी लागलो इथे. मी दरवेळी उप. उप, उप, उप. एकदा, फक्त एकदा..."

मला वाटलं, आता ती त्याला फाडून खाईल. मी तर वाटच बघत होते. पण तिने नुसता हातातला लिफाफा त्याच्यापुढे धरला.

"राजीनामा आहे," ती म्हणाली. "मजकूर चांगला जमलाय, रात्रभर बसून लिहिला. नाव तेवढं बदलून घे."

६

शनिवारी तिने पदव्या दिल्या. एकेक मुकुट माझ्या हातातून तिच्या हातात, तिच्या हातातून डोक्यावर. राग्नार स्टोल्पेंनी भाषणात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, लांबलचक आणि फार वाईट शब्दांत, पण मागितली. माझा राग तरीही गेला नव्हता. माफी मिळाल्याने गुरुवारची ती न दिलेली खुर्ची काही परत येत नाही.

संध्याकाळी बॉल. जूनचं ऊन खिडक्यांतून सरळ लाकडी फरशीवर पडलं होतं. मावशीने हॅट सारखी केली, माझा हात घेतला. वाजंत्री सुरू झाली.

"लक्षात आहे ना?" मी पुटपुटले. "डावीकडे."

"डावीकडे," मावशी म्हणाली. "पक्कं. काल सगळ्या गावाला पाठ झालंय ते."

आम्ही चाललो. मागे सगळ्या जोड्या, बाजूला म्हातारे डॉक्टर, दारात आई हात हलवतेय. सभागृहाचं टोक आलं. मावशीने ताठ मानेने, अगदी खात्रीने पाऊल उचललं, आणि उजवीकडे टाकलं. माझ्या अंगठ्यावर, सगळ्या वजनानिशी.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चाकाच्या खुर्च्यांमधले म्हातारे खदखदून हसायला लागले.

"माफ कर गं," मावशी कुजबुजली. "फार लागलं का?"

"फार," मी म्हटलं, आणि तिचा हात आणखी घट्ट धरला.